झालं का, पावणं?

कोल्हापूर जिल्ह्यात जेवढी माणसं म्हणून श्वास घेतात, त्या सगळ्यांच्या श्वासाची काळजी वाहायचं कंत्राट जर कुणी एकट्यानं घेतलं असेल, तर ते माझ्या साडूंनी. आणि ते त्यांना कुणी दिलेलं नाही बरं का, त्यांनी आपणहून घेतलंय. तुम्ही त्यांच्याशी बोलायला लागा, ते तुमच्या तोंडाकडं बघणार नाहीत. बघणार तुमच्या छातीकडं. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटतं, आपल्या शर्टावर आमटी सांडलीय. तो खाली बघतो, झटकतो, खिसा चाचपतो, आणि साडू आपले शांतपणे त्याची छाती वर-खाली होताना बघत असतात. बायकांच्या बाबतीत तेवढं तारतम्य पाळतात, त्यांच्या खांद्याकडं बघतात. ‘खांद्यावरूनही बरंच कळतं,’ म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या मेहुणीचे डोळे काळे की घारे हे त्यांना सांगता यायचं नाही, अशी पैज मी कधीही लावायला तयार आहे. ती जिना चढून आल्यावर तिचा श्वास किती वेळात जाग्यावर येतो, हे मात्र त्यांना झोपेतून उठवून विचारा.

एकदा आमच्या गल्लीतल्या तालमीच्या कार्यक्रमाला एक पुढारी आले होते. हार झाले, नारळ झाले, दणदणीत भाषण झालं. ते स्टेजवरून उतरले तसे साडू पुढं झाले. मला वाटलं, चला, हा माणूस सुधारला, पाया पडतोय की काय. साडूंनी हात जोडले आणि म्हणाले, “भाषण चांगलं झालं. पण तुम्ही मध्ये मध्ये थांबता ते टाळ्यांसाठी नाही, दमासाठी. छाती तपासून घ्या.” कार्यकर्ते ‘कोण रं ह्यो?’ म्हणत अंगावर आले. मी साडूंचा दंड धरून त्यांना चहाच्या गाडीमागं नेऊन उभं केलं. पुढं त्या पुढाऱ्यांच्या छातीत खरंच पाणी निघालं, उपचार झाले आणि साडूंच्या घरी पेढ्यांचा बॉक्स आला. कौतुक राहिलं बाजूला, साडूंनी पेढे आणणाऱ्याला दारातच विचारलं, “आता जिना चढतात का?” गोड बोलणं हा प्रकारच त्यांच्या अंगात नाही. खोटं बोलणं तर लांबच राहिलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांचं घराणं कोल्हापुरातलं, शिक्षकांचं, अंड्यालासुद्धा न शिवणारं. आमची सासुरवाडी कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीची. जावई उंबऱ्यात आला की चुलीवर मटण चढलंच पाहिजे, नाहीतर जावयाचा अपमान, अशी तिथली रीत. त्यामुळं हे लग्न झालं तेव्हा आमच्या सासूबाईंना, म्हणजे मामींना, एकच घोर लागला. जो जावई मटण खात नाही त्याला माया दाखवायची तरी कशी? शेवटी आजऱ्याच्या घनसाळाचा भात आणि त्यावर भसाभस तूप, एवढ्यावर त्यांनी भागवलं. पण जेवायला वाढताना दर वेळी एकदा तरी म्हणायच्या, “पावणं, नुस्ता रस्सा तरी?” आणि पावण्यांनी नाही म्हटल्यावर पदरानं तोंड पुसून आत जायच्या.

साडूंचा व्यवसाय काय, हे मी पाहुण्यारावळ्यांना सांगून सांगून थकलो. फुप्फुसं अचानक निकामी झाली तर माणसाचं रक्त नळीवाटे बाहेर काढायचं, बाहेरच त्याला प्राणवायू पाजायचा आणि परत अंगात सोडायचं, म्हणजे तेवढे दिवस फुप्फुसांना सुट्टी, असं एक यंत्र असतं. कोरोनात पुष्कळांनी त्याचं नाव ऐकलं. ते परदेशातून येतं आणि भल्याभल्यांच्या आवाक्यात नसतं. साडू परदेशातल्या प्रयोगशाळेत त्यावरच संशोधन करत होते. तिथं त्यांचं सगळं छान चाललेलं. मग इकडं आमच्या सासऱ्यांचा छातीचा रिपोर्ट आला. सासरे, म्हणजे मामा, जन्मभर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मोल्डर होते. सगळं आयुष्य वाळूचे साचे भरण्यात गेलं आणि ती वाळू धूळ होऊन फुप्फुसात जाऊन बसली. मेहुणी म्हणाली, मला वडलांजवळ राहायचंय. साडू म्हणाले, चल. दोघं सामान बांधून आले, आणि साडूंनी उद्यमनगरात पत्र्याचं एक शेड घेऊन तिथंच ते यंत्र स्वस्तात बनवायचा घाट घातला. मामांच्या फौंड्रीच्या मागच्याच गल्लीत.

आता या यंत्राचे दोन वैरी. एक रक्ताची गुठळी आणि दुसरा हवेचा बुडबुडा. नळीतून एक मोठा बुडबुडा रक्तात गेला की माणूस गेला. म्हणून साडूंनी जगातल्या एकूण बुडबुड्यांशी दुष्मनी धरलेली आहे. चहाचा कप आला की त्यावरचे बुडबुडे फुटेपर्यंत ते थांबणार. सोलकढीचा ग्लास बोटानं टिचकी मारून मारून ‘साफ’ करणार. एकदा मी त्यांना हौसेनं संध्याकाळचं दूधकट्ट्यावर घेऊन गेलो. म्हैस समोर उभी, गवळी थेट ग्लासात धार काढतोय, वर हा असा बोटभर फेस. लोक मिशांना फेस लावून ढेकर देतायत, आणि आमचे साडू ग्लास डोळ्यांसमोर धरून टिचक्या मारतायत. गवळ्यानं बराच वेळ कळ काढली. मग म्हणाला, “पावणं, दुधात काय पडलंय व्हय?” साडू म्हणाले, “नाही, फेस जायची वाट बघतोय.” गवळी धारेवरनं उठला. “आवो, फेसासाठनं तर लोक हितं येत्यात! फेस नको तर घरात पिशवीचं प्या की!” म्हशीनंसुद्धा मान वळवून बघितलं, देवाशपथ. मी दोघांचं दूध पिऊन टाकलं आणि त्या कट्ट्यावर परत गेलो नाही.

माझं आणि त्यांचं जमतं कसं, असं माझी बायको नेहमी विचारते. जमतं, कारण संशोधक मीही आहे. हसू नका. मी बँकेत परदेशी व्यवहार विभागात होतो. उद्यमनगरातलं ओतकाम जगभर जातं, त्याची हमीपत्रं माझ्या टेबलावरून जायची. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोच्या कामात चुका काढायला लागलो, तेव्हा तिनं आणि साडूंनी मिळून मला विद्यापीठात पीएच.डी.ला बसवलं. विषय आंतरराष्ट्रीय बँकिंग आणि लहान निर्यातदार. दर रविवारी साडू शेडमध्ये मला समोर बसवून माझं प्रकरण ऐकायचे आणि त्यांचं ऐकवायचे. मी लिहिलं होतं, की गडमुडशिंगीच्या कारखानदाराची बँक आणि समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाची बँक एकमेकींना ओळखत नसतात, ओळखायची गरजही नसते. मध्ये एक तिसरी बँक असते, ती दोघींना ओळखते आणि दोघींचं काम करून देते. हे ऐकून साडू खुर्चीतून उठले. “म्हणजे माझा पडदाच की हा!” म्हणाले. “रक्त आणि हवा एकत्र आली की बुडबुडा. म्हणून मध्ये पडदा लागतो. दोघांची गाठ पडू द्यायची नाही, पण देणंघेणं तर झालं पाहिजे!” त्या दिवसापासून ते यंत्रातल्या पडद्याला ‘तुमची मधली बँक’ म्हणायला लागले. माझ्या प्रकरणाच्या समासात मात्र त्यांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं, ‘विषय चांगला, पण श्वास कुठंय?’ आता बँकिंगच्या प्रबंधात श्वास कुठून आणू मी? कपाळ माझं!

यंत्र तपासायला रक्त लागतं. माणसाचं कोण देणार? मग बकऱ्याचं. म्हणजे ज्यांनी जन्मात मटण चाखलं नाही, ते आमचे साडू उद्यमनगराजवळच्या मटणाच्या दुकानाचे कायमचे गिऱ्हाईक झाले. रोज सकाळी किटली घेऊन हजर. किटलीत आधीच रक्त न गोठण्याचं औषध घातलेलं. दुकानदार पहिल्या दिवशी म्हणाला, “मटण किती देऊ?” “मटण नको, रक्त द्या.” “मुंडी?” “नको.” “मग पाया घ्या, पाया चांगला हाय.” “मी शाकाहारी आहे,” साडू म्हणाले. दुकानदारानं सुरी खाली ठेवली, त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि गल्ल्यावरच्या भावाला म्हणाला, “ह्येचं काम लौकर करून दे बाबा, आमवस्या जवळ आलीय.” पुढं त्याला सगळं समजावलं तेव्हा तो इतका खूश झाला, की जास्त दम असलेली डोंगरातली बकरी कुठली हे साडूंना तोच सांगायला लागला.

इथवर सगळी गंमतच होती. पण गडमुडशिंगीत मामांनी एक गोष्ट परस्पर जाहीर करून टाकली होती. घरात ऑक्सिजनचं मशीन, नाकाला नळी. नळी जिथवर पुरेल तिथवर मामांचं अंगण. त्या अंगणाच्या शेवटाला, जांभळाखाली खुर्ची टाकून ते बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “धाकटं पावणं माझ्यासाठनं मशीन बनवाय लागल्यात. झालं की ही नळी फेकून देणार मी.” गावभर झालं. लोक विचारायला यायला लागले. एक म्हातारा तर दमेकरी म्हैसच घेऊन आला आणि साडूंनी, खोटं वाटेल, तिच्या बरगड्या बघत अर्धा तास काढला. आणि रोज सकाळी चहा झाला की मामांचा साडूंना फोन ठरलेला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. फोन उचलला की एकच प्रश्न. “पावणं, झालं का?” साडू खरं ते सांगायचे, “नाही अजून. गुठळी होतेय.” किंवा “नाही अजून. बुडबुडा येतोय.” मामा म्हणायचे, “असूदे. बघा बघा,” आणि ठेवून द्यायचे.

एका रविवारी मी शेडमध्ये सहज म्हणालो, “साडूभाऊ, दिवाळीपर्यंत मामांना लावू या की.” साडू पंप पुसत होते. पुसतच राहिले. मग म्हणाले, “हे मामांच्या उपयोगाचं नाही.”

मला कळेचना. ते माझ्या छातीकडं बघत सांगायला लागले. “हे यंत्र म्हणजे पूल आहे. फुप्फुस आजारी आहे, पण बरं होणार आहे, तेवढे दिवस निभावून न्यायचं. किंवा दुसरं फुप्फुस बसवेपर्यंत. पलीकडं काठ असेल तर पुलाचा उपयोग. मामांचं फुप्फुस आता बरं होणारं नाही, आणि या वयात, या तब्येतीत दुसरं बसवायला कुणी घेणार नाही. पलीकडं काठ नाही त्यांना.” एवढी वर्षं हमीपत्रं हाताळलेला माणूस मी. म्हणालो, “अहो, मग तुम्ही मामांना हमी दिलीतच कशी?” साडू म्हणाले, “मी दिली नाही. त्यांनी घेतली.” आणि लगेच, “मी उद्या जाऊन सांगतो त्यांना.”

मी उठून शेडचं दार लावलं. म्हटलं, खबरदार! तो माणूस त्या एका आशेवर जांभळाखाली बसतोय, ती काढून घ्यायचा तुम्हाला काय अधिकार? विचारतात ना, ‘झालं का’ म्हणून? ‘नाही अजून’ म्हणा. यात खोटं काय आहे? साडू म्हणाले, “खोटं नाही. पण खरंही नाही.” शेवटी माझ्या शब्दाखातर गप्प राहिले. पण हा माणूस तेव्हापासून आतून कुरतडल्यासारखा झाला. फोन वाजला की उचलण्याआधी शर्टाची बटणं नीट करायचे. चहावरचे बुडबुडे फुटून चहाचं पाणी झालं तरी टिचक्या चालूच.

आणि अशातच ते किटलीचं महाभारत घडलं. शेडमधला फ्रीज बिघडला, म्हणून साडूंनी एका शनिवारी रक्ताची किटली गडमुडशिंगीच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवली. रविवारी दुपारी पुण्याचे दोन डॉक्टर चाचणी बघायला येणार होते. साडू घाईत मामींना एवढंच म्हणाले, “मामी, एवढं जपून ठेवा, उद्याला लागणार आहे.” मामींनी सकाळी झाकण उघडलं. आत बकऱ्याचं ताजं रक्त! आता रक्ती, म्हणजे गोठवून तव्यावर परतलेलं बकऱ्याचं रक्त, हा मामांचा पूर्वीपासून जीव की प्राण, आणि आजारपणापासून त्यांच्या तोंडाची चवच गेलेली. मामींच्या डोळ्यांना धार लागली. ज्या जावयानं उभ्या जन्मात रस्सा चाखला नाही, त्यानं सासऱ्याच्या तोंडाला चव यावी म्हणून हातानं रक्त आणलं! त्यांनी लागलीच ताटात रक्त ओतलं, मीठ टाकलं आणि गोठायची वाट बघत बसल्या. ते कशाला गोठतंय? औषध घातलेलं ते. शेजारच्या चार बायका बघून गेल्या. कुणी म्हणालं मीठ कमी पडलं, कुणी म्हणालं दृष्ट लागली. मामी मोठ्या चिकाटीच्या. “गोठंना तर गोठंना मेलं!” म्हणाल्या आणि कांदा-लसणाची चटणी टाकून तसंच तव्यावर परतलं.

मी आणि साडू किटली न्यायला पोचलो तेव्हा मामा जांभळाखाली ताट मांडीवर घेऊन बसलेले. अर्धी भाकरी संपलेली. मामी दारातूनच म्हणाल्या, “पावणं, तुमच्या मायेचं पांग कसं फेडू वो! लई दिसांनी ह्येंच्या पोटात घास गेला.” साडूंनी रिकाम्या किटलीकडं बघितलं. ताटाकडं बघितलं. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता हा माणूस खरं बोलणार आणि म्हातारीचं काळीज फुटणार. पण साडू मामांच्या समोर उकिडवे बसले, त्यांच्या छातीकडं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “जेवताना दम लागत नाहीये आज.” मग बाजूला जाऊन मामांच्या डॉक्टरांना फोन केला, ते औषध पोटातून बाधत नाही याची खात्री करून घेतली, आणि मामींना म्हणाले, “अजून असेल तर वाढा त्यांना.” बस्स. पुण्याच्या डॉक्टरांना बंद यंत्र बघून आणि मिसळ खाऊन परत जावं लागलं.

किटलीतल्या रक्ताची खरी गोष्ट मामांना संध्याकाळी मीच सांगितली. मामा हसता हसता खोकले आणि म्हणाले, “म्हंजे पावण्यांचं काम खाल्लं की वो मी! आता चाचणीला मीच येणार. आपल्या डोळ्यांनी बघणार.”

पुढच्या रविवारी लहान सिलेंडर घेऊन आम्ही मामांना रिक्षानं शेडवर आणलं. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं. एका नळीतून काळपट रक्त आत चाललेलं. साडूंनी प्राणवायूची चावी फिरवली. आणि दुसऱ्या नळीतून लाल रक्त बाहेर यायला लागलं. लालभडक, अगदी जास्वंदीसारखं. मामा नाकातल्या नळीसकट वाकून बघत राहिले. किती वेळ बघितलं कोण जाणे. मग म्हणाले, “मेल्यालं बकरं श्वास घ्यालंय की रं हे!” आणि साडूंकडं वळून, “झालं का मग?” साडूंचे ओठ हलले. ते सांगणार होते, मला दिसलं. मी मोठ्यांदा खाकरलो. साडू मान खाली घालून म्हणाले, “नाही अजून.”

परतताना रिक्षात मामा आणि मी दोघंच. मामा बाहेर फौंड्र्यांच्या चिमण्यांकडं बघत म्हणाले, “थोरलं पावणं, ते मशीन माझ्या कामाचं न्हाय. म्हाईत हाय मला.” मी त्यांच्याकडं वळलो. “डाक्टरला पयल्याच दिवशी इचारलंया. माझं काय आता निस्तरत न्हाय.” मी म्हणालो, “मग मामा, रोज फोन करून विचारता ते?” मामा दम घेत घेत बोलायला लागले. “मी मोल्ड भरायचो तवा मुकादम येऊन रोज इचारायचा, झालं का रं? शिव्या घालायचो आम्ही त्येला. पर ज्या दिवशी त्यो यायचा न्हाय, त्या दिवशी हातच चालायचा न्हाय बघा. ह्यो गडी माझ्या पोरीसाठनं तिकडचं समदं टाकून आला. तिकडं साहेब हुता, जोडीदार हुतं. हितं त्या पत्र्याच्या शेडात त्येला इचारणारं कोण हाय? माझा नंबर न्हाय लागणार. कुणाचा तरी लागंल की. तवर इचारलं पायजे.” आणि माझ्या मांडीवर थाप मारून, “त्येला सांगू नका. त्येला वाटूदे मला ठावं न्हाय.”

घ्या! एकाला माहीत होतं आणि दुसऱ्याला कळू द्यायचं नव्हतं. दुसऱ्यालाही माहीत होतं आणि पहिल्याला कळू द्यायचं नव्हतं. आणि मध्ये मी. जन्मभर ज्या मधल्या बँकेवर प्रबंध लिहायला बसलो, ती बँक मीच झालो. इकडचं तिकडं पोचू द्यायचं नाही, आणि व्यवहार मात्र रोज सकाळी बिनबोभाट झाला पाहिजे. तो होत राहिला. रोजचा फोन, रोजचा प्रश्न, रोजचं ‘नाही अजून’. साडूंचं काम मात्र खरंच पुढं सरकत होतं. गुठळी आटोक्यात आली, बुडबुडा कमी झाला. मला कधी कधी इतकं भरून यायचं, की रविवारी प्रकरण वाचता वाचता मी थांबायचो, आणि साडू विचारायचे, “दम लागला?”

थंडी सरता सरता मामांची नळी अंगणातून घरात आली, मग खाटेपर्यंत आली. दवाखान्यात न्यायचं नाही, त्यांनी बजावून सांगितलं होतं. त्या सकाळी आम्ही सगळे खाटेभोवती होतो. मेहुणीनं पाय धरलेले, मामी उशाशी. मामांना बोलवत नव्हतं. एकेक श्वास ओढून आणायला लागत होता, आणि श्वास मोजणारा तो माणूस समोर बसलेला. मामांनी डोळे उघडले, साडूंना शोधलं आणि ओठ हलवले. “झालं... का?”

साडूंनी छातीकडं बघितलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना माणसाच्या तोंडाकडं बघताना पाहिलं. मामांच्या डोळ्यांत डोळे घालून ते म्हणाले, “झालं, मामा. उद्या आणतो.”

मामांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. अगदी डोळ्यांपर्यंत. “पावणं...” एवढं म्हणून त्यांनी पुन्हा श्वास गोळा केला, “खोटं बोलाय... शिकलं की.” आणि साडूंचा हात धरला तो सोडला नाही. साडू त्या हाताकडं बघत ढसाढसा रडले. मधल्या बँकेचं काम तिथंच संपलं, दोन्ही बाजूंचा हिशेब एकमेकांना कळला होता. दुपारच्या आत मामा गेले.

दिवसकार्य झालं आणि साडूंनी शेडला जायचं बंद केलं. कुलूप तसंच. मेहुणी माझ्या बायकोला म्हणाली, रोज सकाळी चहा झाला की फोन समोर घेऊन बसतात. मटणवाला मला रस्त्यात थांबवून म्हणाला, “किटलीवालं पावणं कुठं गेलं वो? चांगली बकरी आल्यात.” मी घरी येऊन माझे कागद काढले, परत ठेवले. मलाही काही सुचत नव्हतं. त्या रिक्षातल्या थापेची जागा मांडीवर अजून गरम असल्यासारखी वाटायची.

मग एका सकाळी चहा झाल्यावर मी फोन उचलला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हटलं, “साडूभाऊ, झालं का?”

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी साडूंचा श्वास ऐकत बसलो. मग घोगऱ्या आवाजात शब्द आले. “न्हाय अजून.” पुस्तकी मराठी बोलणारा हा माणूस, मामांचा ‘न्हाय’ त्याच्या तोंडात कधी जाऊन बसला कुणास ठाऊक. मी म्हणालो, “मग घरात काय बसलाय? शेड उघडा की.”

शेड उघडलं. किटली पुन्हा सुरू झाली. आता रोज सकाळी मी विचारतो आणि ते काय अडलंय ते सांगतात. मला त्यातलं निम्मं कळत नाही, तरी मी ‘असूदे, बघा बघा’ म्हणतो आणि ठेवून देतो. परवा मात्र मी ठेवायच्या आत ते म्हणाले, “थांबा. तुमचं झालं का?”

माझा प्रबंध मामा गेल्यापासून कपाटाच्या वर पडला होता, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. “न्हाय अजून,” मी म्हणालो. “असूदे,” साडू म्हणाले, “बघा बघा,” आणि त्यांनी फोन ठेवला. मी स्टूल घेतलं, कपाटावरचे कागद खाली काढले आणि धूळ झटकायच्या आधी, का कोण जाणे, श्वास धरून ठेवला.